राखण्याची शेपटी

माझा कार्यक्रम बघणारे लोक भेटले की दोन प्रश्न हमखास विचारतात. त्या दगडाधोंड्यांत तुम्हाला एवढं दिसतं तरी काय, हा एक. आणि दुसरा, भर उन्हात तासन्‌तास बोलत असता, डोक्यावर टोपी का घेत नाही? पहिल्याचं उत्तर मी दर रविवारी पंचवीस मिनिटं देतेच आहे. दुसऱ्याचं आजवर टाळत आले. ‘सवय नाही हो,’ म्हणते आणि हसून वेळ मारून नेते. साफ खोटं आहे ते. टोपी मी मुद्दाम घेत नाही. टोपी घातलेला एक माणूस आमच्या घरी दोन दिवस जेवला, आईच्या हाताला चव आहे म्हणाला, आणि जाऊन आमच्या आप्पांचं नाव मातीत घातलं. आणि मी त्याच माणसाचं बोट धरून या धंद्यात आले. आता साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले. किती दिवस दाबून ठेवायचं? त्या माणसाचं नाव मात्र लिहीत नाही. ते आता नाहीत, आणि त्यांची मुलं भली आहेत. आमच्या वाडीनं त्यांना टोपीवाले सर म्हटलं होतं, तेच इथे चालेल.

आमची वाडी रत्नागिरीपासून एसटीनं तासाभरावर, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, अगदी कडेला. घराच्या मागून पायवाट चढून गेलं की झाड नाही, झुडूप नाही, नुसता काळा कातळ, आणि त्याच्या टोकाला समुद्राची पातळ रेघ. आप्पा चिरेखाणीवर होते. तेव्हा यंत्रं आली नव्हती, जांभ्याचा एकेक चिरा हातानं तासून काढायचा. मला जाग यायची ती अंगणातल्या आवाजानं. आप्पा पडवीच्या पायरीवर बसून छिन्नीला धार काढत असायचे आणि आत आई चुलीवर उकड्या तांदळाची पेज ढवळत असायची. पेजेबरोबर कधी फणसाची भाजी, कधी भाजलेला सुका बोंबील, आणि दोन्ही नसलं तर आंब्याच्या लोणच्याचा खार. खाणीवर गेले की आप्पा प्रत्येक दगडावर हातोडीनं दोनदा टकटक करायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. ‘ह्यो बोलतोय,’ म्हणाले की चिरा चांगला. ‘ह्याच्या पोटात माती हाय,’ म्हणाले की बाजूला. आणि खरंच, फोडून बघावं तर आत मातीच. आई म्हणायची, “दगडाचा बोलना कळतंय ह्यांना, बायकोचा तेवडा कळत नाय.” आप्पा हसायचे. ते फार बोलणारे नव्हते, पण हसायला कंजूष नव्हते.

त्या सड्यावर, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, कातळात एक मासा कोरलेला आहे. सात-आठ हात लांब, पसरट, पाकटासारखा, आणि मागे लांबलचक शेपटी. कोणी कोरला, कधी कोरला, ते आजही कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही, आणि मी त्यावर पुस्तक लिहिलंय. वाडीतले म्हातारे सांगायचे, पांडवांनी काढला. आम्ही त्याला राखण्या म्हणायचो. वैशाखात, पेरणीच्या आधी, घरटी एक माणूस वर जायचा. रेघांत साचलेली माती बांबूच्या कामट्यांनी उकरायची आणि मग तांब्यातांब्यानं पाणी ओतायचं. पाणी रेघेतून धावायला लागलं की कातळावर मासा उठून दिसायचा. मग दहीभात ठेवायचा आणि घरी यायचं. नियम एकच, पण कडक: राखण्याला लोखंड लागता कामा नये. पुरुषमाणसं कमरेची कोयती काढून लांब दगडाखाली ठेवायची. एकदा भागीकाकीच्या पदराला पिन राहिली, तर वाडीचे प्रमुख असलेल्या गावकरांनी तिला तशीच मागं फिरवली. काकी म्हणाली, “मेल्या, पदर धरून ठेवू की तांब्या?” पण फिरली.

पहिला तांब्या मात्र आमच्या घरचा. हा मान आप्पांच्या आजोबांपासूनचा. त्याला कारण होतं. वर्षभर दगड फोडणाऱ्या घरानं वर्षातून एकदा दगडाला पाणी द्यायचं, म्हणजे फोडल्याचा दोष राहत नाही. आप्पा त्या दिवशी पांढरा सदरा घालायचे. पाणी ओतताना त्यांचे ओठ हलायचे. मी एकदा विचारलं, काय म्हणता तुम्ही? तर म्हणाले, “काय नाय गो बाय. सांगतो, यंदा इतकं फोडलं, माफी कर.”

मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात जात होते, इतिहास घेऊन. वाडीत एकच टीव्ही होता, मास्तरांच्या घरी. रविवारी सकाळी त्यावर टोपीवाले सर यायचे. लेण्यांत, किल्ल्यांवर, उकरलेल्या खड्ड्यांत उभे राहून असे बोलायचे की वाटावं, हा माणूस मेलेल्यांना नावानं ओळखतो. बाकीच्या मुली सिनेमातल्या नटांवर जीव टाकायच्या, मी या माणसावर टाकला. टाकला म्हणजे टाकलाच, आता काय लपवायचं? राखण्याचं चित्र मी चौकोनी रेघांच्या कागदावर काढलं. आखायला सुतळी आणि मापाला बांबू, कारण लोखंडी टेप चालला नसता. चार दिवस लागले. ते पाकिटात घालून सरांना पाठवलं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पंधरा दिवसांत आलं, आणि मे महिन्यात सर स्वतः आले. बरोबर कॅमेरावाला आणि आणखी दोघं.

त्या दोन दिवसांत आमच्या घराचं लग्नघर झालं. आईनं शेण आणून अंगण सारवलं. मालगुंडच्या बाजूनं मासे घेऊन येणाऱ्या बाईकडून सुरमई घेतली, जी आम्ही पाहुण्यांशिवाय कधी घेत नसू. काजूगराची उसळ, सोलकढी, फणसाच्या रसाचं वाफवलेलं सांदण. सर मांडी घालून पाटावर बसले, भात मागून घेतला, आईला म्हणाले, “वहिनी, पुण्यात असं जेवण मिळत नाही हो.” आई पदर तोंडाला लावून आत पळाली. जेवणानंतर सरांनी माझं चित्र मांडीवर पसरलं आणि आप्पांना म्हणाले, “या मुलीचा हात आणि डोळा दोन्ही पक्के आहेत. ही इथे कुजता कामा नये. बी.ए. झाली की माझ्याकडे पाठवा. पुढचं शिक्षण, उत्खननावर काम, सगळं मी बघतो.” आप्पांनी माझ्याकडे बघितलं. वर्षातून एकदा राखण्याशी बोलताना असायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला तर त्या रात्री झोपच आली नाही.

आता मी या धंद्यात इतकी वर्षं काढली आहेत, म्हणून सांगू शकते: कातळावरची रेघ भर दुपारी दिसत नाही. ऊन डोक्यावर आलं की सावली मरते आणि सावलीबरोबर रेघही. सकाळी कोवळ्या उन्हात जा, नाहीतर संध्याकाळी. हे सरांना ठाऊक नव्हतं असं मी कसं म्हणू? पण सकाळ त्यांनी आंब्याच्या बागा आणि समुद्र टिपण्यात घालवली आणि राखण्यापाशी पोचेपर्यंत बारा वाजले. गाडीला त्याच दिवशी पुढं जायचं होतं. माशाचं धड कसंबसं दिसत होतं, शेपटी मात्र कॅमेऱ्यात येईना. शेपटीवरून पूर्वी बैलगाड्यांची वाट होती, तिथली रेघ झिजून बोटभरही खोल राहिली नव्हती. मी म्हटलं, “सर, पाणी ओतून बघू या?” दोन कळश्या ओतल्या. धड चमकलं, शेपटीतलं पाणी इकडेतिकडे पांगून गेलं. विहिरी आटलेल्या, तिसरी कळशी कुठून आणायची?

सरांनी टोपी काढून घाम पुसला आणि आप्पांना अगदी सहज, मीठ वाढा म्हणावं तसं, म्हणाले, “तुम्ही कारागीर आहात. शेपटीची रेघ जरा उजळून द्या ना. फार नाही, बोटभर.”

आप्पा म्हणाले, “नाय साहेब. ह्याला लोकंड लावत नाय आमी.”

“अहो, काही होत नाही. आम्ही तर रोज दगडांना हात लावतो.”

“हात लावा की. लोकंड नाय.”

सर माझ्याकडे वळले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “सुमन, समजाव त्यांना. हा कार्यक्रम झाला तर सरकार जागं होईल, राखण होईल याची. शेपटीच दिसली नाही तर लोक मासा म्हणून कसं मानतील? आणि मग तुझ्या शोधाला तरी काय अर्थ?” ‘तुझ्या शोधाला’ म्हणाले ते. मी विरघळले. आप्पांपाशी गेले आणि म्हटलं, “आप्पा, सर शिकलेले आहेत. त्यांना कळत नसेल का? माझ्यासाठी करा.”

आप्पांनी मला विचारलं, “तुला पायजे?”

मी हो म्हटलं. एवढंच. या एका ‘हो’नं जे झालं ते मी पुढं आयुष्यभर बघत बसले.

आप्पांनी पायातल्या वहाणा काढल्या. खाली जाऊन छिन्नी-हातोडी घेऊन आले. राखण्याला हात जोडले आणि उकिडवे बसले. पहिला घाव घालण्याआधी त्यांनी सवयीनं कातळावर दोनदा टकटक केली, मान वाकडी करून ऐकलं, आणि काही बोलले नाहीत. मग ठक, ठक, ठक. सड्यावर तो आवाज लांब जातो, पण वाडीला तो खाणीचाच वाटला असणार. रेघ सुरेख उतरत होती, जुन्या रेघेला धक्का न लावता, तिच्याच अंगानं. मी बघितलं तर कॅमेरावाला त्यांच्या हातांचं चित्रण करत होता. मला वाटलं, बरं झालं, आप्पांची कारागिरीही दिसेल टीव्हीवर. आईला मी तसं सांगितलंसुद्धा. एवढी बावळट होते मी.

महिना-दीड महिन्यानं कार्यक्रम लागला. मास्तरांच्या ओटीवर सगळी वाडी जमली. आप्पांना पुढं बसवलं होतं, पांढऱ्या सदऱ्यात. सुरुवातीला समुद्र, बागा. मग माझं चित्र पडद्यावर आलं, चौकोनांसकट! लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला इतका आनंद झाला की सर ‘मी केलेलं रेखाटन’ म्हणाले ते नीट ऐकूच आलं नाही. पाठोपाठ राखण्या आला, आणि त्याची ताजी, तांबूस शेपटी. सर तिच्यापाशी गुडघे टेकून बसले होते. आवाज जड करून म्हणाले, “हजारो वर्षांचं ऊनपाऊस या माशानं सोसलं. जे ऊनपावसाला जमलं नाही, ते आपल्याच माणसांच्या अज्ञानानं केलं.” आणि पडद्यावर आप्पांचे हात. छिन्नी. ठक, ठक. मग आप्पांचा चेहरा, घामानं डबडबलेला. “आपला वारसा कुणाच्या हातात आहे, पाहा,” सर म्हणाले.

ओटीवर भागीकाकी “अगो बाय माजे” म्हणाली. मला ओरडून सांगायचं होतं, तेवढ्यात गावकर उठले आणि आप्पांसमोर येऊन उभे राहिले. “लोकंड लावलास तू?” आप्पा म्हणाले, “हात माजाच हाय तो.” “कुनी सांगितला तुला?” मी उभी राहिले तशी आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत खाली बसले. “कुनी नाय. माज्याच मनाला वाटला,” ते म्हणाले.

घरी येऊन मी थयथयाट केला. मी आत्ता जाते, सगळ्यांना सांगते! आप्पांनी दार धरलं. “काय सांगशील? माज्या पोरीनं हट्ट केला म्हनून बापानं लोकंड लावला? मग तुजा नाव घेतील. तुला ह्या वाडीत तोंड दाकवायचा हाय. माजा काय, झाला ता झाला.” आई चुलीपाशी बसून रडत होती. रडता रडता म्हणाली, “सांदण मागून मागून खाल्लान मेल्यानं.” तिला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं.

पुढच्या वैशाखात पहिला तांब्या गावकरांच्या घरानं ओतला. आप्पांना कुणी वाळीत टाकलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. फक्त तांब्या दुसऱ्याच्या हातात दिला. आप्पा मागं उभे राहिले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाण सोडली. आईनं कारण विचारलं तर म्हणाले, “पानी दिल्याशिवाय दगड कसा फोडू?” चाळिशीतला माणूस, सगळ्या तालुक्यात त्याच्या हाताचा चिरा नावाजलेला, आणि तो दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत वानरं हाकायला जायला लागला. आमच्या अंगणातला छिन्नीचा आवाज बंद झाला. मला सकाळी जागच येईना.

माझी बी.ए.ची परीक्षा झाली आणि सरांचं पत्र आलं. तुझी जागा पक्की केली आहे, जूनमध्ये ये. खाली दोन ओळी: ‘कार्यक्रमाचं मनावर घेऊ नकोस. हानी दाखवल्याशिवाय लोकांना जतन पटत नाही. वडिलांना नमस्कार.’ मी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं, “थुंकायलासुद्धा जाणार नाही मी त्याच्या दारात.” आप्पा कोकमं वाळत घालत होते. मान वर न करता म्हणाले, “मग लोकंड लावला तो कशापायी? तू हितं बसावीस म्हनून? ता सगळा फुकट गेला म्हन की.” मी गेले. रागानं गेले, शिकले रागानं. पुण्यात एकदा धीर करून सरांना विचारलं, “सर, त्या माशाची शेपटी तुम्हीच उजळायला सांगितली होती ना?” ते पुस्तकातून वर बघत म्हणाले, “कुठला मासा?” नाटक नव्हतं ते. खरंच विसरले होते. ते मेले असते तरी मला एवढं लागलं नसतं.

काही वर्षांनी मला स्वतःचा कार्यक्रम मिळाला. सुट्टीत घरी आले तेव्हा मी गावकरांकडे जाऊन सगळं सांगून टाकलं, अगदी माझ्या ‘हो’सकट. ते म्हातारे झाले होते. तंबाखू मळत म्हणाले, “तू म्हनतेस ता खरा असंल गो. पन लोकांनी टीव्हीवर बघितलान. तू पन आता टीव्हीवर असतेस ना? मग थयंच सांग. आमी बघू, आनि मग तुज्या बापाच्या हातात तांब्या देऊ.” रास्त बोलले. मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी ट्रंक उघडून बघितली. मग म्हणाले, “पांडरा सदरा फाटलाय. नवा शिवून घेतो.”

मी राखण्यावर कार्यक्रम केला. भल्या सकाळी, तिरप्या उन्हात, सहा कळश्या पाणी वर नेऊन. शेपटीपाशी उभी राहून सगळं सांगितलं: ही रेघ माझ्या वडिलांनी उजळली, ती तज्ज्ञाच्या सांगण्यावरून आणि माझ्या हट्टासाठी. दोन मिनिटं लागली. मुंबईला संकलनाच्या खोलीत निर्माते म्हणाले, कार्यक्रम लांबतोय. शिवाय त्याच महिन्यात सरांचा मोठा सत्कार आहे, कुठं वाईटपणा घेता, पुढं कधीतरी स्वतंत्र करू. मी नवी होते. मला पुढचे बारा भाग हवे होते. त्यांनी विचारलं, “चालेल ना?” आणि मी हो म्हटलं. पुन्हा तेच, हो.

मी वाडीला फोन करून आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रविवारी सकाळी तिथं पोचले तेव्हा मास्तरांच्या ओटीवर सगळी वाडी होती, गावकरांना खुर्ची दिली होती, आणि आप्पा नव्या सदऱ्यात पुढं बसले होते. शेजाऱ्याला सांगत होते, “आता सांगंल बग.” मी त्यांच्या बाजूला जाऊन बसले. समुद्र आला, सडा आला, राखण्या आला. शेपटीतून पाणी टोकापर्यंत धावत गेलं, जसं पूर्वी कधीच गेलं नव्हतं. आप्पा पुढं सरकले. मग पडद्यावर मी ‘नमस्कार’ म्हटलं आणि नावं वर सरकायला लागली. गावकरांनी खुर्ची मागं सारली आणि काठी शोधली.

आप्पा शेवटचं नाव जाईपर्यंत बसून राहिले. मग उठता उठता म्हणाले, “शेपटीत पानी बरा थांबला गो.” बाकी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? वेळ कमी होता, हेच. घरी येऊन त्यांनी सदरा काढला, घडी घातली आणि ट्रंकेत तळाशी ठेवला. त्या वैशाखात पहिला तांब्या गावकरांच्या मुलानं ओतला.